मेन रोडवरचं घर घ्यावं की नाही? 'रोड टच'चा फायदा नेमका कुणाला होतो?

२०२५ मध्ये नागपूरच्या अशोक चौकातला एक व्हिडिओ अनेकांच्या मोबाईलवर फिरला. इंदोरा ते दिघोरी या नव्या उड्डाणपुलाचं काम एका घराच्या बाल्कनीला अगदी भिडून गेलं होतं. लोकांनी त्यावर भरपूर मीम्स केले. पण घर शोधत असलेल्या कुणाच्याही मनात तो व्हिडिओ पाहून एक प्रश्न आला असेल. आज खिडकीखाली असलेला रस्ता उद्या खिडकीसमोर आला तर?

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कुठेही घर बघायला गेलात की मेन रोडवरचा एक तरी पर्याय समोर येतोच. रिक्षा दारात, मेडिकल खाली, बसस्टॉप समोर. आणि ब्रोकरचं ठरलेलं वाक्य, 'साहेब, रोड टच प्रॉपर्टी आहे, रेट कधी खाली येणार नाही.'

हे वाक्य पूर्ण खोटं नाही. पण ते कुटुंबासाठी किती खरं आहे, हे तपासायला हवं.

'रोड टच'ची किंमत जास्त का असते?

अनेक देशांमध्ये वाहत्या रस्त्यावरचं राहतं घर आतल्या गल्लीतल्या घरापेक्षा स्वस्त मिळतं, कारण तिथे आवाज आणि धूर हा तोटा धरला जातो. आपल्याकडे बऱ्याचदा उलट होतं. रस्त्याला लागून असलेल्या जागेवर दुकान, बँक, दवाखाना किंवा क्लास निघू शकतो, म्हणून जागेचा भाव चढतो. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांमध्येही, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यात, अनेक ठिकाणी 'रस्त्यासन्मुख' मिळकतींचा दर वेगळा दिलेला असतो.

म्हणजे 'रोड टच' ही मुळात व्यापाराची किंमत आहे. तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्यावरची गर्दी हवी असते. चौथ्या मजल्यावर झोपणाऱ्या आजीला किंवा दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या गर्दीचा काहीच उपयोग नसतो. तरीही जास्तीचे पैसे दोघांकडूनही मागितले जातात.

हा जादा भाव दिसायला छोटा असतो, पण कर्जात तो वाढत जातो. समजा, मेन रोडसाठी ६ लाख रुपये जास्त मोजले आणि ते ८.५ टक्के व्याजाच्या २० वर्षांच्या कर्जातून आले. त्या ६ लाखांचा हप्ता महिन्याला साधारण ५,२०० रुपये होतो आणि २० वर्षांत एकूण साडेबारा लाखांच्या आसपास रक्कम जाते. त्यामुळे या साडेबारा लाखांत घरातल्या माणसांना काय मिळणार, हे आधी विचारायला हवं.

आवाज किती असावा आणि किती असतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. व्यापारी भागासाठी हीच मर्यादा ६५ आणि ५५ आहे. यात एक मेख आहे. मेन रोडचा पट्टा व्यापारी भागात मोडत असेल, तर तुम्ही तिथे राहायला गेलात तरी तिथली कायदेशीर मर्यादाच सैल असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज दिवस-रात्रीच्या भारित सरासरीत ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. या सूचनांमध्ये वाहतुकीच्या आवाजाचा संबंध झोपमोड आणि हृदयविकाराशी जोडलेला आहे.

डेसिबलचं गणित साधं बेरजेचं नसतं. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दुसरीकडे, रस्त्यावरची वाहनं निम्मी झाली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. त्यामुळे 'बायपास झाला की इथली वाहतूक कमी होईल' या आशेवर शांततेचा हिशेब मांडता येत नाही.

आता खिडकीचं बघू. बाहेर ७० डेसिबल आवाज आहे असं धरा. खिडकी उघडी असेल तर खोलीत त्यातले साधारण १० ते १५ डेसिबलच कमी होतात. साधी खिडकी नीट बंद केली तर २० ते २५ कमी होतात. म्हणजे बंद खिडकीआडही ४५ ते ५० डेसिबल उरतात. आपल्याकडच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांना फटी असतात, त्यामुळे तेवढाही फायदा प्रत्येक वेळी मिळत नाही.

लॅमिनेटेड काच आणि घट्ट बसणारी फ्रेम लावली तर फरक चांगला पडतो. पण ती खिडकी बंद ठेवली तरच. एप्रिल-मे महिन्यात खिडकी बंद म्हणजे एसी सुरू. म्हणजे शांततेचा खर्च खिडकीच्या बिलावर थांबत नाही, तो दर उन्हाळ्यात वीजबिलातही येतो.

शिवाय झोप मोडते ती सरासरी आवाजाने कमी आणि अचानक आलेल्या आवाजाने जास्त. सिग्नलजवळचा हॉर्न, स्पीडब्रेकरवर आदळणारा रिकामा ट्रक, चढावर गिअर बदलणारी बस. अनेक शहरांत जड वाहनांना दिवसा बंदी असते, म्हणून ती रात्रीच शहरात शिरतात. दिवसा बरा वाटणारा रस्ता रात्री १२ नंतर वेगळाच निघू शकतो.

मिरवणुकीचा रस्ता असेल तर तेही धरा. नियमांनुसार राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १० ते १२ ध्वनिवर्धकाची सूट देऊ शकतं. गणपती, नवरात्र आणि जयंत्यांच्या मिरवणुका ज्या रस्त्याने जातात, तिथे हे दिवस खिडकीखालीच साजरे होतात.

धुराचं काय?

हवेच्या प्रदूषणात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण बऱ्याच प्रमाणात संपूर्ण शहराच्या हवेत पसरलेले असतात. मेन रोड सोडून आतल्या गल्लीत गेलं म्हणून ते संपत नाहीत. पण गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड, काजळी आणि त्याहूनही बारीक कण रस्त्यालगत सर्वांत जास्त असतात आणि पहिल्या १००-२०० मीटरमध्ये झपाट्याने कमी होतात.

अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहतुकीच्या धुराने सर्वांत जास्त बाधित होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मुलांमधला दमा बळावण्याचा या धुराशी थेट कार्यकारण संबंध असल्याचे पुरेसे पुरावे आहेत, असंही त्यात म्हटलं होतं.

आपल्या दाट शहरांमध्ये ५०० मीटरचा नियम पाळायचा तर घरच मिळणार नाही. पण पहिल्या रांगेतलं घर आणि दोन इमारती सोडून मागचं घर, यात फरक नक्कीच पडतो. आणि तेवढा पर्याय बहुतेकांकडे असतो.

ॲपवर दिसणारा हवेचा निर्देशांक मात्र इथे फारसा कामाचा नाही. तो शहरातल्या एखाद्या मोजणी केंद्राचा असतो, तुमच्या खिडकीचा नाही. त्यापेक्षा आधीपासून राहणाऱ्यांच्या गॅलरीतला कठडा बघा. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवल्यावर काळी काजळी येते की नुसती माती, यावरून बरंच कळतं.

वरचा मजला घेतला तर प्रश्न सुटतो?

अर्धाच सुटतो. धूळ आणि धूर उंचीबरोबर कमी होतात, हे साधारणपणे खरं आहे. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर मधली हवा कोंडून राहते आणि धूर वरच्या मजल्यांपर्यंतही रेंगाळतो.

आवाज उंचीबरोबर फार हळू कमी होतो. उलट खालच्या मजल्याला कंपाउंडची भिंत किंवा समोरच्या दुकानांचा आडोसा मिळतो, वरच्या मजल्याला तोही नसतो. झाडांची एक रांग सावली देते आणि डोळ्यांना बरी वाटते, पण आवाज फारसा अडवत नाही.

समोर उड्डाणपूल असेल तर पुलाच्या पातळीचे मजले सर्वांत अडचणीत येतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल हे त्याचं ठळक उदाहरण. २००२ मध्ये सुरू झालेल्या या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या अगदी जवळून दिसतात. पेडर रोडवरचा नियोजित उड्डाणपूल लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्यासह तिथल्या रहिवाशांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षं चर्चेत राहिला, त्यामागेही हीच भीती होती.

मजल्यापेक्षा महत्त्वाची असते ती घराची दिशा. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेली बेडरूम आणि मागच्या बाजूची बेडरूम यांत १० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो, कारण मधली संपूर्ण इमारतच भिंतीचं काम करते. हॉल आणि किचन रस्त्याकडे आणि बेडरूम मागे, असा फ्लॅट असेल तर मेन रोडचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

रस्ता आहे तसाच राहील का?

बरेच खरेदीदार इथेच फसतात. फ्लॅटचा करार वाचला जातो, पण समोरच्या रस्त्याचं पुढे काय ठरलंय, हे कुणी विचारत नाही. घर २०-३० वर्षांसाठी घेतलं जातं आणि शहरातला मोठा रस्ता इतकी वर्षं कधीच एकसारखा राहत नाही.

पुण्याचंच बघा. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून तिथे मेट्रोसह दुमजली पुलाचं काम हाती घेण्यात आलं. कर्वे रस्त्यावर अनेक वर्षं मेट्रोचं काम चाललं आणि ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला. मेट्रो आली की जवळच्या घरांना फायदा होतोच. पण तोपर्यंतची पत्रे, धूळ आणि रात्रीचं काम हेही त्याच घरांच्या वाट्याला येतं.

रस्ता रुंद होणार आहे का, हे शहराच्या विकास आराखड्यात म्हणजे डीपीमध्ये दिसतं. महापालिकेकडून झोन दाखला घेता येतो, मुंबईत त्यासाठी डीपी रिमार्क मिळतो. याशिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार महापालिका रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. म्हणून फक्त डीपी बघून थांबू नका, नियमित रेषेबद्दलही विचारा. घर हायवेलगत असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा या दोन गोष्टींचीही माहिती घ्या.

रुंदीकरणात अनेकदा इमारत तशीच राहते, पण तिच्यापुढची मोकळी जागा जाते. पार्किंग, कंपाउंड, दोन झाडं गेली की रस्ता थेट खिडकीखाली येतो. त्याबदल्यात मिळणारा पैसा, एफएसआय किंवा टीडीआर जमिनीच्या मालकाला मिळतो. सोसायटीचं अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झालेलं नसेल आणि जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल, तर हा मोबदला कुणाचा यावरून वाद होऊ शकतो. रस्ता मात्र फ्लॅटधारकांच्याच खिडकीजवळ आलेला असतो.

मग मेन रोडवर फायदा काहीच नाही?

आहे, आणि काही कुटुंबांसाठी तो मोठा आहे.

पहिला फायदा वेळेचा. बस, मेट्रो, रिक्षा चालत गाठता येत असेल तर रोजचा तास-दीड तास वाचू शकतो. घरात एकच गाडी असेल किंवा गाडीच नसेल, तर हा फायदा पैशातही मोजता येतो.

दुसरा सुरक्षिततेचा. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या व्यक्तीसाठी उजेड आणि वर्दळ असलेला रस्ता सुनसान गल्लीपेक्षा बरा वाटतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी मोठ्या रस्त्यावर अडत नाही.

तिसरा फायदा उशिरा कळतो, तो पुनर्विकासाचा. राज्यातल्या विकास नियंत्रण नियमांत किती बांधकाम करता येईल, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. अरुंद गल्लीतल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास याच कारणाने अडतो, कारण पुरेसा टीडीआर वापरता येत नाही. रुंद रस्त्यावरच्या जुन्या इमारतीला बिल्डर लवकर मिळतो.

पण सुरक्षिततेची दुसरी बाजूही आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. सोसायटीचं गेट थेट वाहत्या रस्त्यावर उघडतं का, फुटपाथ चालण्यासारखा आहे का, समोरच्या बाजूला जायला सिग्नल किंवा झेब्रा क्रॉसिंग किती लांब आहे, हे बघायलाच हवं. स्कूलबस रस्त्याच्या पलीकडे थांबत असेल, तर मुलाला रोज दोनदा तो रस्ता ओलांडायचा आहे.

घर बघायला कधी आणि कसं जायचं?

ब्रोकर बहुतेक वेळा रविवारी सकाळी ११ ला घर दाखवतो. मेन रोडवरचं घर आठवड्यात सर्वांत शांत असतं ते याच सुमारास. म्हणून कमीत कमी चार वेळा जा:

• कामाच्या दिवशी सकाळी ९ ते १०, गेटमधून गाडी बाहेर काढून बघायला.
• संध्याकाळी ७ च्या सुमारास, खिडकी उघडी ठेवून फोनवर बोलून बघायला.
• रात्री ११ नंतर, जड वाहनं सुरू झाल्यावर. आत जाता आलं नाही तरी इमारतीखाली अर्धा तास थांबा.
• एका जोरदार पावसात, गेटसमोर पाणी साचतं का ते बघायला. वारंवार डांबर चढवून रस्ता सोसायटीपेक्षा उंच झाला असेल, तर पाणी आत येतं.

मोबाईलवरचं डेसिबल मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण तुलनेसाठी चालतं. एकाच फोनवरून रस्त्याकडची खोली, मागची खोली आणि आताचं भाड्याचं घर, तिन्ही ठिकाणी दहा-दहा मिनिटं मोजा. फरक लगेच समोर येतो.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आधीपासून राहणाऱ्या कुणाशी तरी बोला. 'आवाज येतो का?' असं विचारलं तर 'सवय होते' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही रात्री कुठल्या खोलीत झोपता?' रस्त्याकडची बेडरूम गोदामासारखी वापरली जात असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

तळमजल्यावर गाळे असतील तर तिथे हॉटेल किंवा बार येऊ शकतो का, हेही मंजूर नकाशात आणि करारात बघा. प्रकल्प नवा असेल तर मंजूर नकाशे महारेराच्या वेबसाइटवर पाहता येतात.

निर्णय कसा घ्यायचा?

सगळ्या मुद्द्यांचे दोन कागद करा. एका कागदावर घर घेतल्यानंतर पैसे खर्च करून बदलता येईल ते लिहा. खिडक्या, पडदे, एसी, एअर प्युरिफायर, पलंगाची जागा. हा खर्च काढा आणि भावात तेवढी रक्कम कमी करून मागा. खिडक्यांचं कोटेशन हातात असेल तर घासाघीस करायला ठोस कारण मिळतं.

दुसऱ्या कागदावर कधीच बदलता येणार नाही ते लिहा. बेडरूमची दिशा, रस्त्यापासूनचं अंतर, गेटची जागा, उड्डाणपुलाची उंची, डीपीतली रेषा. यातली एखादी गोष्ट अडत असेल तर भाव कितीही कमी झाला तरी ती अडतच राहणार आहे.

मग घरात कोण किती वेळ असतं, ते बघा. दोघंही नोकरीला जाणारे आणि रात्री मागच्या खोलीत झोपणारे असतील तर मेन रोड त्यांना सोयीचाच पडेल. घरात तान्हं बाळ, दम्याचा रुग्ण, रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी किंवा दिवसभर घरात असणारे आईवडील असतील, तर रस्त्याचा आवाज आणि धूर सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येणार. पण घर बघताना बहुतेक वेळा त्यांचं मत सर्वांत शेवटी विचारलं जातं.

शक्य असेल तर त्याच रस्त्यावर आधी ११ महिने भाड्याने राहून बघा. तेवढा वेळ नसेल तर निदान त्याच सोसायटीत मागच्या बाजूचा फ्लॅट उपलब्ध आहे का, ते विचारा. बस, मेडिकल, रिक्षा आणि पुनर्विकासाचा फायदा तोच राहतो आणि खिडकी मात्र रस्त्याकडे नसते. ब्रोकरच्या यादीत तो फ्लॅट सहसा खाली असतो, कारण त्याला 'रोड व्ह्यू' नाही. राहायला जाणाऱ्या कुटुंबाने मात्र चौकशीची सुरुवात तिथूनच करावी.